वीणेचा हार

शेजाऱ्यांच्या टीव्हीवर स्टेजवर गाणाऱ्या एका पोरीचा हात दाखवत होते. नखांना हिरवा रंग, आणि बोटं आमच्या आबांच्या रुद्रवीणेवर. आबा, म्हणजे आमचे वडील, गेल्यावर दादाने ती संग्रहालयाला दिली होती. इतकी जुनी, दुर्मिळ वीणा संग्रहालयाने असल्या धांगडधिंग्यात वाजवायला दिलीच कशी, म्हणून सगळीकडे भांडण चाललंय. मी मात्र तो हातच बघत राहिले.

आमच्याकडे बाईने वीणेला शिवायचं नाही. खंडेनवमीला वाद्यांची पूजा असे. झेंडूचा हार मी ओवायची आणि उंबऱ्याबाहेरून दादाच्या हातात द्यायची. एकदा तारेला हळूच बोट लावलं, तर आबांनी त्याच बोटावर पट्टी मारली. तेव्हा कुणी भांडलं नाही. वस्तू जपायची म्हणजे कुणापासून जपायची, ते घरात आधीच ठरलेलं असतं.

ती पोर वेडंवाकडंच वाजवत होती. मनात म्हटलं, वाजव बाई, आणखी जोरात वाजव. आबांना वरपर्यंत ऐकू जाऊ दे.

आज दादाचा फोन आला. आवाज रडवेला. "शालू, बाटवली गं वीणा! उद्या खंडेनवमी. निदान तिच्या फोटोला तरी हार घालू. ओवून ठेवशील ना?"

दादाला मी कधी उलट बोलले नव्हते. म्हटलं, "यंदा तुझा तू ओव."

फोन ठेवला. आणलेले सगळे झेंडू ओवले आणि माझ्याच दाराला तोरण बांधलं.