सही केलेली साल

बुटीबोरीच्या ज्या कारखान्यात मी रंग जुळवायचं काम करतो, तिथे इथल्या आणि परदेशी जाणाऱ्या मोटारींच्या सीटचं कापड विणलं जातं. कोणत्या देशाला कोणता रंग, हे आम्ही ठरवत नाही. ते गाडीच्या कंपनीची माणसं ठरवतात आणि पडद्यावर चित्रं दाखवून आम्हाला समजावतात. थंड देशातल्या माणसाला काळा आवडतो, आखातातल्याला वाळूचा. भारतीय ग्राहकाला, त्यांच्या मते, बेज अतिशय प्रिय. इतका प्रिय की गाडी घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी आपण त्यावर कव्हर चढवतो, पण हे त्यांना सांगायची माझी काय प्राज्ञा!

त्या हिवाळ्यात दक्षिण युरोपसाठी नारिंगी हवा होता. डिझाइनच्या बाईंनी समुद्र, सूर्यास्त, म्हातारे कोळी असं सगळं दाखवलं आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्या डब्याशेजारचं संत्रं पाहून त्या थबकल्याच. "हाच तो समुद्रकिनारा," म्हणाल्या. संत्रं काटोलचं, माझ्या सासऱ्यांच्या बागेतलं. मी सोललं. बाईंनी साल प्लास्टिकच्या पिशवीत घातली, वर चिठ्ठी चिकटवून सही केली, पिशवी नमुना म्हणून आमच्या लॅबमध्ये दिली आणि विमान गाठलं.

प्रताप नगरच्या घरी येऊन हे सांगितलं, तर बायकोनं गॅस बंद करून आधी काटोलला फोन लावला. सासरे दोन वर्षांपासून गाडी घ्यायची म्हणत होते. त्यांनी शोरूमवाल्याला थांबवलं. मला म्हणाले, "जावईबापू, घेईन त माह्या संत्र्याच्या रंगाची सीट असलेलीच. तुमच्यानं होते का पाहा." हा माणूस कधी कुणाकडे काही मागत नाही. त्या रंगाची गाडी भारतात विकलीच जाणार नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण छाती फुगलेली असताना माणूस असलं काही बोलत नाही. "पाहतो मामाजी," म्हणालो.

पहिली ट्रायल मी ताज्या संत्र्याशी जुळवली. कापड इतकं छान उतरलं की शेजारच्या खात्यातली माणसं पाहून गेली. मग लॅबच्या साहेबांनी ड्रॉवरमधून ती पिशवी काढली. आठ दिवसांत साल तपकिरी पडली होती.

"हे जुळून नाही राहिलं," साहेब म्हणाले.

"सर, साल वाळली."

"साल वाळली, सही त नाही नं वाळली."

आमच्या धंद्यात सही झालेला नमुना म्हणजे ब्रह्मवाक्य. जुळवायचं ते त्याच्याशीच. पहिल्या दिवशीच रंग मोजायच्या यंत्रावर सालीचं रीडिंग घेऊन ठेवलं असतं तर हे टळलं असतं. ते काम माझं होतं, आणि मी उरलेलं संत्रं खात बसलो होतो. मग आम्ही सगळे शिकलेले लोक त्या सालीच्या मागे लागलो. कापड विणून येईपर्यंत ती आणखी काळवंडलेली असायची. चौथ्या ट्रायलला सालीत वाळण्यासारखं काही उरलं नाही आणि रंग जुळला. बाईंचा मेल आला, अगदी तोच समुद्रकिनारा.

मंजूर तुकडा घेऊन मी बायकोबरोबर काटोलला गेलो. सासरे तो उन्हात नेऊन बराच वेळ पाहत राहिले.

"हा रंग मले माहीत आहे," ते म्हणाले. "फळ गळून झाडाखाली पडून राहते, त्याचा. आम्ही टोपलीत भरून फेकतो."

मी सालीची हकिगत सांगितली, आणि ही गाडी इथे मिळणार नाही हेही आता कुठे सांगितलं. ते चिडले नाहीत. तुकडा घडी करून त्यांनी माझ्या हातात दिला आणि चहा टाकायला सांगितला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी गेल्या महिन्यात त्यांनी गाडी घेतली. सीट अर्थातच बेज. मी कारखान्यात अर्ज केला आणि पहिल्या ट्रायलचं रिजेक्ट कापड रीतसर गेटपासवर बाहेर काढलं. बायकोनं दोन दिवस मशीनवर बसून कव्हरं शिवली. सासऱ्यांनी ती स्वतःच्या हातानं चढवली, आत बसून दार लावलं आणि काच खाली केली.

"आता वाटून राहिलं का गाडी माही आहे," म्हणाले.