फळ्यावर नऊ लिहा

"भिलना शेजारे मी नही बठाव."

सारंगखेड्याकडच्या बागायतदाराचा पोरगा भर वर्गात हे बोलला, आणि माझ्या बाकाच्या रिकाम्या टोकावर थुंकला.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. गावात कॉलेजही नवं. सायन्सच्या वर्गात डोंगरावरचा मी एकटाच. सर त्या दिवशी धातू शिकवत होते. त्यांची तऱ्हा अशी, की पोरांनाच इलेक्ट्रॉन करायचं. पुढचे पाच बाक म्हणजे अणूचं डी उपकवच. आधी प्रत्येक बाकावर एकेकटा बसणार, मग जोड्या लागणार. सोडियमचे हे बाक रिकामेच. जस्ताच्या दहाच्या दहा जागा भरलेल्या. दोन्ही संक्रमण धातू नव्हेत, दोघांचे क्षार पांढरे. पण बाक अर्धवट भरले की धातूचा स्वभावच बदलतो, क्षारांना रंग चढतो. लोखंड घ्या, तांबं घ्या. मोरचुदातल्या तांब्याकडे नऊच उरतात. एकजण एकटा पडतो, म्हणून मोरचूद निळा.

सरांना जस्त करायचं होतं, फळ्यावर दहा लिहून ठेवले होते. नऊजण बसले. पाचव्या बाकावर एकटा मी. दहावा तो बागायतदाराचा पोरगा.

सर त्याला काही बोलले नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, "तू ऊठ. तिथं दुसरा कोणी बसेल. काठी गावच्या होळीत नाचायचं सोडून इथं कशाला तडफडलास?"

वर्ग खदखदून हसला. मी आजवर उठतच आलो होतो. शाळेत सतरंजीवरून उठलो. विसरवाडीच्या स्टँडवर मोटारीत बसलो, तिथूनही उठलो. बाप शिकवायचा, ऊठ म्हटलं की उठावं, पाठ वाचते. बापाची पाठ मी पाहिली होती. तिच्यावर वळांशिवाय काही वाचलेलं नव्हतं.

मी म्हणालो, "सर, तो बसत नसेल तर फळ्यावर नऊ लिहा."

सरांनी लाकडी रूळ उचलला आणि माझ्या बोटांवर हाणला. मी बाकाची कड सोडली नाही. दुसऱ्या फटक्याला नख फुटलं. मग तो पोरगा धावून आला. टेबलावरचा प्रयोगाचा लोखंडी स्टँड त्याच्या हातात होता. भुवईवर घाव बसला आणि एका डोळ्यापुढं सगळं लाल झालं. त्यानं पुन्हा हात उचलला तेव्हा मी त्याचं मनगट धरलं आणि पिरगाळलं. स्टँड फरशीवर पडला. पोरगा गुडघ्यावर आला, आईच्या नावानं ओरडायला लागला. सोडावंसं वाटत नव्हतं. खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. चौघांनी ओढलं तेव्हा कुठं मनगट सुटलं. मग त्या चौघांनी मला लाथांनी तुडवलं, आणि सर खिडकीतून बाहेर बघत राहिले.

वसतिगृहात कॉलेजचा निरोप आला. सकाळी वर्गासमोर त्या पोराच्या पाया पडायचं, नाहीतर पटावरून नाव काढू. त्यानं माझी भुवई फोडली, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

सकाळी मी डोक्याला फडकं बांधून वर्गात गेलो. बाकाच्या टोकावरची थुंकी वाळली होती. मी तिच्या शेजारी, माझ्याच जागेवर बसलो. सर आत आले. म्हणाले, "ऊठ आणि माफी माग."

"नाव काढायचं तर काढा," मी म्हणालो. "मी इथून उठणार नाही. पाया तर पडणारच नाही. आणि जो पहिला हात लावील, त्याचा हात मी आज मोडणार."

कुणी जागचं हललं नाही.

माझं नाव त्यांनी काढलंच. मी दुसऱ्या गावी जाऊन शिकलो, तिथंही मार खाल्ला, तिथंही मारलं. आता केस पिकलेत. भुवईवरचा वण थंडीत अजून ठणकतो. आजही कुणी मला ऊठ म्हणालं, तर मी आधी त्याचं तोंड नीट बघून घेतो. मग हातातली पिशवी खाली ठेवतो, दोन्ही हात मोकळे करतो, आणि बसून राहतो.