अकरा पिशव्या वाळू

लाझार मूळचा गव्हाच्या सपाट मुलखातला. बाराव्या वर्षापासून पवनचक्कीच्या माळ्यावर दोरानं पोती चढवून चढवून त्याच्या तळहातांना अशी काही अक्कल आली होती, की पोतं जमिनीवरून उचललं गेलं की तो सांगे, "यात पाच पौंड कमी आहे." मग चक्कीवाला गिऱ्हाइकाला धारेवर धरी. अशा माणसाला राजवाडा सोडतो होय? खुर्ची ओढायला त्याला व्हर्सायला आणलं.

खुर्ची होती राजाच्या बाईंची, मादाम द लिझेर यांची. राजाची राणी वेगळी आणि राजाची बाई वेगळी. राणीला रुंद जिना होता, पाद्री होते, मुलं होती. बाईसाहेबांना तिसऱ्या मजल्यावरच्या खोल्या होत्या आणि राजाची मर्जी होती. खाली दिवसभर दरबार, वर संध्याकाळी राजाचं जेवण. मधल्या पायऱ्या चढून धापा टाकत आलेली बाई राजाला आवडत नसे, म्हणून भिंतीच्या पोकळीत ही खुर्ची. एका टोकाला बाईसाहेब, दुसऱ्या टोकाला शिशाच्या पट्ट्यांची पेटी. दोन्ही बाजू अशा तोलून बसवल्या होत्या, की लाझारनं तळातून दोर नुसता हलवला तरी खुर्ची हळूच वर जाई.

पहिल्याच वर्षी त्यानं माती खाल्ली. दोर जरा जड लागला आणि राजाच्या आधी, वैद्याच्या आधी लाझारला कळलं की बाईसाहेबांना दिवस गेलेत. दारूच्या गुत्त्यावर दोन पेले पोटात गेल्यावर त्यानं ते फुशारकीनं सांगितलं. दोन दिवसांत राजवाडाभर झालं. महिन्याभरात मूल गेलं, आणि तेही मग राजवाडाभर झालं. लाझारनं गाठोडं बांधून ठेवलं होतं. पण बाईसाहेब खुर्चीत बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, "तुझे हात हुशार आहेत, लाझार. आता तोंडालाही काही शिकव."

त्या दिवसापासून त्यानं तोंडाला जे कुलूप घातलं ते अकरा वर्षं काढलं नाही. त्या एका वाक्यासाठी तो त्यांचा गुलाम झाला.

आणि बाराव्या वर्षीच्या नोव्हेंबरात खुर्ची आपली आपण वर जायला लागली.

आधी त्याला वाटलं दोर सैल झालाय. मग कळलं, दोर ठीक आहे, बाईसाहेब हलक्या झाल्यात. दोन पौंड. आठवड्यानं आणखी दोन. गालांवर लाली थापलेली, ओठांवर हसू, पण खुर्ची वर निघाली की पोकळीतून खोकला ऐकू येई. जास्तीच्या पट्ट्या काढायच्या तर पेटीची किल्ली बांधकाम खात्याच्या कापेलकडे, आणि कापेल होता नव्या बाईचा माणूस. एक वीस वर्षांची पोर राजाच्या समोर आणून बसवायची तयारी चाललीच होती. शिवाय वाड्याचा नियम असा, की तिथं मरायचा हक्क फक्त राजाच्या रक्ताला. बाकीच्यांनी बाहेर जाऊन मरावं. गेल्या वर्षी डिसेंबरात स्वयंपाकघरातल्या तापानं फणफणलेल्या एका नोकराला घोंगडीत गुंडाळून गाडीवर टाकताना लाझारनं पाहिलं होतं. तो माणूस गाडीवाल्याला विनवत होता.

त्यानं बायकोला सांगितलं, "पेरिन, एक पिशवी शिवून दे. घट्ट. वाळू गळता कामा नये."

"वाळू कशाला? गाढव पाळलंय का?"

त्यानं खरं ते सांगितलं. पेरिननं कपाळावर हात मारला, पण पिशवी शिवली. दोन पौंड वाळू भरून लाझारनं ती खुर्चीच्या बैठकीखालच्या पोकळीत, मखमली झालरीमागे सरकवली. खुर्ची पुन्हा शहाण्यासारखी चालायला लागली. नाताळपर्यंत चार पिशव्या झाल्या. फेब्रुवारीत ईस्टरच्या आधीचे उपवास सुरू झाले तेव्हा आठ.

त्याची झोप उडाली. जेवताना कोणी दार वाजवलं की चमचा थांबे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. कोणी नुसतं खुर्चीकडे बघितलं तरी त्याला घाम फुटे. दिवसातून दहा वेळा तो झालर उचलून पाही, आणि पाहिलं की कोणी बघितलं तर नाही म्हणून आणखी अस्वस्थ होई.

मार्चमध्ये कापेल आलाच.

"काय रे लाझार, खांदा दुखतो म्हणे तुझा? कारंज्यांवर एक जागा आहे. नळ फिरवायचा आणि उन्हात बसायचं."

"मी बरा आहे इथं, साहेब."

"बाईसाहेब बऱ्या आहेत का? तुझे हात काय म्हणतात? एकदा तर गुत्त्यावर फार बोलले होते."

"हात काही म्हणत नाहीत, साहेब. म्हातारे झाले."

कापेलनं पेटी उघडली, पट्ट्यांवरचे शिक्के पाहिले. एकही हललेली नव्हती. मग बाईसाहेब आल्या, आणि तो टोपी काढून बाजूला उभा राहिला. लाझारनं दोर धरला. खुर्ची गेली, झोपलेल्या मुलाला उचलून न्यावं तशी. कापेल नाक खाजवत निघून गेला. लाझार भिंतीला टेकून खाली बसला. त्याला स्वतःचा फार अभिमान वाटला, खोटं कशाला बोला.

पण अकरावी पिशवी हातात देताना पेरिननं ती लगेच सोडली नाही.

"अहो, एक विचारू? शेजारच्या मातीनला असंच झालं होतं. माहेरी गेली, दूध प्यायली, उन्हात पडून राहिली. दोन वर्षांत धडधाकट. तुम्ही त्या बाईंना वाचवताय, का मारताय?"

"मी त्यांची जागा राखतोय."

"जागा राखाल, आणि त्या जागेवर बसणारी मरेल. ही शेवटची. बारावी मी शिवायची नाही. मला हे पाप नको."

लाझारला राग आला, कारण हेच त्याच्याही मनात रोज येत होतं. ती रात्र त्यानं कूस बदलण्यात घालवली. सकाळी कामावर जाऊन त्यानं अकराच्या अकरा पिशव्या बाहेर काढल्या आणि भिंतीशी मांडून ठेवल्या.

संध्याकाळी बाईसाहेब एकट्याच आल्या आणि सवयीनं बसल्या. लाझारनं खुर्ची जागेवर धरून ठेवणारं अडकवण काढलं मात्र, खुर्ची हिसका देऊन उडाली. त्यानं सगळं अंग दोरावर टाकून ती डोक्याच्या उंचीवर कशीबशी थोपवली, खाली ओढली आणि पुन्हा अडकवली. तळहात सोलवटले.

"हे काय, लाझार? दोर तुटला?"

"नाही, बाईसाहेब. खुर्ची आज खरं बोलली." त्यानं भिंतीकडे बोट दाखवलं. "त्या पिशव्या बैठकीखाली असायच्या. वाळू आहे. बावीस पौंड."

बाईसाहेब पिशव्यांकडे बघत राहिल्या. "कधीपासून?"

"नोव्हेंबरपासून. कोणाला कळू नये म्हणून. कापेलसाहेब आले तेव्हासुद्धा—"

"नोव्हेंबर." लालीखालचा चेहरा पांढरा पडला. "दासी म्हणायची, पोशाख सैल होतायत. मी म्हटलं, शिंपी चुकतोय. वैद्य आला तर मी त्याला हसून घालवलं. म्हटलं, अहो, खुर्ची अजून मला तशीच नेते. माणसं तोंडावर गोड बोलतात, लाझार. मी फक्त या खुर्चीवर विश्वास ठेवला होता."

लाझारला उभ्या जागी मेल्यासारखं झालं. सगळ्या वाड्याला फसवता फसवता आपण नेमकं कोणाला फसवलं, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तो गुडघ्यांवर बसला. "बाईसाहेब, माझं चुकलं. तुम्ही जा. आजच जा. खेड्यात हवा आहे, दूध आहे. माणसं बरी होतात."

"होतात. नोव्हेंबरात निघालेली."

त्या खोकल्या, रुमाल पाहिला आणि मुठीत दाबला. वरच्या मजल्यावरून भांड्यांचा आवाज येत होता. राजाच्या जेवणाची तयारी चालली होती.

"मी गेले तर त्या पोरीला उद्या या खुर्चीत बसवतील," त्या म्हणाल्या. "आणि मला? माझ्याकडे यायला तुझ्या त्या खेड्यात कोण आहे?"

त्यांनी भिंतीशी मांडलेल्या पिशव्यांकडे बोट दाखवलं.

"ठेव परत."

"बाईसाहेब, नको."

"ठेव, लाझार. राजे यायची वेळ झाली." त्यांनी रुमाल बाहीत खोचला, पाठ ताठ केली. "आणि बायकोला सांग, अजून एक शिव. पुढच्या आठवड्यात लागेल."

लाझारनं एकेक करून अकराही पिशव्या आत सरकवल्या. सोललेल्या हातांचं रक्त कापडाला लागलं. मग दोर धरला, आणि खुर्ची पूर्वीसारखी अलगद वर गेली.

पेरिनला त्यानं सांगितलंच नाही. बारावी पिशवी त्यानं खुर्चीच्या तळाशी बसून स्वतः शिवली, हमसून हमसून रडत.