देवासचा राजीनामा

या देशात न्याय टिकून आहे तो केवळ आमच्या साडूंच्या देखरेखीमुळे, अशी निदान त्यांची तरी पक्की खात्री आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. उभा जन्म देवासच्या एका कारखान्याचं स्टोअर सांभाळण्यात गेला, वकिलीशी संबंध शून्य. कोर्टाची पायरी चढले ती धारला, कुणाचे तरी साक्षीदार म्हणून, आणि नेमके त्या दिवशी जजसाहेब रजेवर. पण रिटायर झाल्यापासून कोर्टाच्या बातम्या वाचल्याशिवाय सकाळचे पोहे त्यांच्या घशाखाली उतरत नाहीत. हल्ली हायकोर्टाचं कामकाज मोबाइलवर थेट दिसतं. ते सुरू झालं की साडू बनियनवर सदरा चढवतात, गळ्याचं बटणसुद्धा लावतात, आणि आत कुकरची शिट्टी झाली की बायकोला दटावतात, "अगं, कोर्ट बसलंय." ती आतूनच सांगते, "बसू दे की. वरणाला कुणी स्टे दिलाय?"

जुने कायदे जाऊन नवे आले, तेव्हा तर त्यांनी फक्त सुतक पाळायचं बाकी ठेवलं होतं. "साडूभाऊ, चारशेवीस गेलं हो. आता लफंग्याला काय तीनशे अठरा म्हणायचं? लाज तरी वाटेल का त्याला?" शिवाय दुसऱ्याचा शब्द सुधारण्याची खोड जबर. हाटपिपल्याला एका लग्नात पंगतीत कुणी म्हणालं, अमका परवा सुटला. झालं, साडूंनी हातातली पुरी खाली ठेवली. "सुटला नाही, जामीन मिळाला. सुटणं वेगळं." त्या बिचाऱ्याचं श्रीखंड तसंच राहिलं आणि यांचं जामिनावरचं प्रवचन वाढप्यांनाही ऐकावं लागलं. मी वैतागायचो, नाही असं नाही. पण चार दिवस गेलो नाही तर मलाच चुकल्यासारखं व्हायचं.

मग त्यांची एकुलती एक लेक पुण्याहून माहेरी आली ती राहायलाच. जावई माणूस वाईट नव्हता, पण नोकरी अशी की घरी असला तर फोनवर, नाहीतर गावोगाव. तिला डेंग्यू झाला तेव्हा ती रिक्षा करून एकटी दवाखान्यात भरती झाली, आणि बरी होऊन आली ती बॅग भरूनच. इथे देवासच्या कोर्टात तिने घटस्फोटाचा अर्ज केला. त्या दिवसापासून साडूंच्या तोंडची कलमं बंद झाली. पेपरात घटस्फोटाचा निकाल आला की हळूच पान उलटायचे. मला त्यांची फार दया यायची.

कोर्टाने आधी मध्यस्थीला पाठवलं. मध्यस्थ म्हणून इथल्याच एक वयस्क वकीलबाई होत्या. त्यांनी आम्हालाही आत बसू दिलं. लेक आणि पुण्याहून आलेला जावई, दोघं आपापल्या चपलांकडे बघत बसलेली. शेवटी बाई जावयाला म्हणाल्या, "देखो भिया, राजीनामा कर लो. घर बच जाएगा."

आता आमच्याकडे मध्य प्रदेशात, कोर्टात राजीनामा म्हणजे तडजोड. पोरंटोरंही जाणतात. पण जावई पडला पुण्याचा, त्याच्या मराठीत राजीनामा म्हणजे नोकरीला रामराम. तो खिशातून मोबाइल काढत म्हणाला, "ठीक है. अभी मेल कर देता हूँ."

"किसको मेल?" बाई बुचकळ्यात पडल्या.

"कंपनी को. राजीनामा."

घोटाळा माझ्या ध्यानात आला. मी साडूंकडे पाहिलं. म्हटलं, आता हे उठणार, शब्दाची फोड करणार, आणि होत्याचं नव्हतं करणार. पण साडू ओठ घट्ट मिटून समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

लेक नवऱ्याकडे वळली. "खरंच सोडशील?"

"तुला ताप आला तेव्हाच सोडायला हवी होती," तो म्हणाला.

ती रडायला लागली. मग रडता रडताच तिने त्याला इथल्या राजीनाम्याचा अर्थ सांगितला. तो ओशाळला, पण मोबाइल त्याने खिशात घातला नाही. दोन्ही राजीनामे त्याच दिवशी झाले.

जिना उतरताना मी साडूंना छेडलं, "काय हो, एवढी ढळढळीत चूक, आणि तुम्ही गप्प?"

"जीभ चावून धरली होती साडूभाऊ," ते म्हणाले. "म्हटलं, आधी माझ्या पोरीला ऐकू दे."

लेक पुण्याला परतली. जावयाने कमी पगाराची, पण दिवेलागणीला घरी सोडणारी नोकरी धरली. साडू रोज संध्याकाळी फोन लावतात. मी कधी शेजारी असतो. वाटतं, आता दिवसभराचे निकाल ऐकवतील. पण ते एवढंच विचारतात, "जावई आले का गं घरी?" पलीकडून "आले, बाबा" असं ऐकू येतं. मग साडू "बरं" म्हणतात आणि फोन ठेवतात.