सव्वा फुटानं आखूड

“पँट आखूड करून घ्यावी तशी गाडी आखूड करून घ्यायला आलेत की हे!”

शेजारच्या गाळ्यातले पेंटर आमच्याबद्दल बोलत होते. हातात चहाचा ग्लास, पाठ माझ्याकडे. पलीकडे ऑइलच्या रिकाम्या डब्यावर मी बसले आहे हे त्यांना दिसलं नसावं. मी लोकांना दिसत नाही याची मला सवय आहे. खरं तर मी तशी सोयच करून घेते.

पप्पांनी ते ऐकलं. “व्हय की पेंटर,” ते म्हणाले, “चाचांना म्हटलंय, काज-बटण पण करून द्या.”

चाचा म्हणजे वर्कशॉपचे मालक. उद्यमनगरातला हा गाळा त्यांच्या वडिलांपासूनचा. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि टेम्पोचे हौदे हे त्यांचं रोजचं काम. पण चालत्या गाडीचा सांगाडा मधोमध कापायचा, तुकडा काढून टाकायचा आणि उरलेले दोन भाग परत जोडायचे, हे काम त्यांच्याकडेही रोज येत नाही. म्हणून त्या सकाळी आजूबाजूची माणसं काही ना काही निमित्त काढून डोकावत होती. कुणाला पाना हवा होता, कुणाला काडेपेटी.

गाडी आमची, म्हणजे आजोबांनी घेतलेली. गोल नाकाची, गोल दिव्यांची जुनी पिकअप. आजोबांनी तिच्यातून गुळाच्या ढेपा वाहिल्या, पप्पांनी उचगावच्या आमच्या नर्सरीतली रोपं. नंतर पप्पांनी छोटा टेम्पो घेतला आणि पिकअप शेडमध्ये गेली. तिचं इंजिन ठणठणीत होतं, अडचण फक्त लांबीची होती. पुढच्या आणि मागच्या चाकांत एवढं अंतर, की वळायला मैदान लागायचं. हुपरीत चांदीकामाची घरं आहेत त्या गल्ल्यांत गिऱ्हाईकाकडे कुंड्या पोचवायला एकदा पप्पा ही गाडी घेऊन गेले होते. कोपऱ्यावर ती अशी अडकली की गल्लीतल्या बायका पैंजणांचं काम सोडून बाहेर आल्या आणि चारी बाजूंनी सूचना देऊ लागल्या. शेवटी सगळी गल्ली त्यांना मागं मागं यावं लागलं.

पुण्यातली नोकरी सोडून मी परत आले आणि नर्सरीत काम करू लागले, तेव्हापासून ही गाडी माझ्या मनात होती. लोकांच्या गच्चीवर, बाल्कनीत बाग करून द्यायची, माती-कुंड्या-रोपं स्वतः न्यायची, असं माझं ठरत होतं. तोवर मी स्कूटीवर पायाशी मातीचं पोतं आणि मागं शेवंतीची रोपं बांधून फिरत होते. टेम्पो दिवसभर पप्पांकडे. पिकअप मोकळी होती. पण “ती गाडी मला द्या” हे वाक्य मी एकदाही बोलले नव्हते. लहानपणी इंग्रजी शाळेत मराठी बोलायला बंदी होती, आणि गल्लीत माझं मराठी ऐकून पोरं हसायची. दोन्हीकडे गप्प राहणं सोपं पडायचं. शिवाय एकदा आपल्याला काय हवं ते बोललं, की लोकांना त्यावर बोलायला मिळतं.

पप्पांनी एका दुपारी मला शेडमध्ये पाहिलं. मी बंद गाडीत बसून क्लच दाबत होते आणि गिअर टाकत होते. ते दारातून तसेच परत फिरले. आठवड्याभरात चाचांकडे फेऱ्या सुरू झाल्या. किती आखूड करायची ते ठरलं, आरटीओत अर्ज गेला, बदलाची परवानगी आली. त्याआधीच कधीतरी गाडी माझ्या नावावर करायच्या कागदांवर त्यांनी माझ्या सह्या घेतल्या होत्या. मी सह्या केल्या. आनंद झाला होता, पण तो कसा दाखवायचा ते कळेना, म्हणून चहा करायला उठले.

तर त्या सकाळी पिकअपचा मागचा हौदा सुटा होऊन भिंतीला टेकला होता. मागची चाकं फिरवणारा शाफ्टही काढलेला. पुढं केबिन, आणि तिच्यामागून निघालेले दोन लांब लोखंडी चॅनल, थेट मागच्या चाकांपर्यंत. सगळं लोखंडी घोड्यांवर सपाट तोललेलं. दोन्ही चॅनलवर चाचांनी आदल्या संध्याकाळी खडूनं दोन-दोन रेघा मारल्या होत्या. दोन रेघांमधला सव्वा फूट जाणार होता. डावीकडून सव्वा फूट, उजवीकडूनही तेवढाच.

मी ते माप घेताना पाहिलं होतं. केबिनच्या मागं एक आडवी पट्टी आहे, तिच्या दोन्ही टोकांना एकामागे एक असे दोन-दोन जाड रिव्हेट ठोकलेले आहेत. त्यांतल्या बाहेरच्या, म्हणजे केबिनकडच्या रिव्हेटला टेपचं टोक अडकवून चाचांनी चारही रेघा काढल्या होत्या. रेघेवर पंच ठोकून ती कायमची पक्की करतात, म्हणजे खडू गेला तरी खूण राहते. तेवढं मात्र त्यांनी केलं नव्हतं.

“पूजेआधी लोखंडाला हत्यार लावायचं न्हाय,” ते म्हणाले होते. “माझ्या अब्बांची पद्धत. गाडी कुणाची का असंना. मालकानं नारळ फोडायचा, मग पंच, मग कटर.”

त्यामुळे नारळ आला, हळद-कुंकू आलं, झेंडूचा हार आला. हार कुठं घालावा हा प्रश्न पडला, कारण गाडीचं नाक लांब राहिलं होतं आणि काम मध्ये होतं. पेंटरनी सल्ला दिला, “पेशंटच्या पोटावर घाला की, ऑपरेशन तिथं हाय.” पप्पांनी हार खरोखरच चॅनलवर ठेवला. मी हळद-कुंकू वाहिलं. चाचा टोपी नीट करून बाजूला उभे राहिले होते, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते रस्त्यावर गेले.

पप्पांनी नारळ फोडला. त्यांचा उत्साह असा, की नारळाचं पाणी त्यांनी दोन थेंब शिंपडलं नाही, सगळं ओतलं. डाव्या चॅनलवरून ते ओघळत गेलं आणि मागची रेघ धुऊन गेली. खडूचं पांढरं पाणी खाली टपकलं.

“आरं देवा,” पप्पा म्हणाले.

“काय हुतंय त्याला, परत मारतो की,” असं म्हणत चाचांचा धाकटा भाऊ पुढं झाला. वेल्डिंग तोच करणार होता. त्यानं फडक्यानं चॅनल पुसला, टेप लावली, खडूनं रेघ ओढली आणि पेंटरनी पुढं केलेलं खोबरं घ्यायला वळला.

टेपचं टोक त्यानं आतल्या, मागच्या चाकांकडच्या रिव्हेटला लावलं होतं.

जुन्या रंगाच्या थराखाली दोन्ही रिव्हेट सारखेच दिसतात. त्यांच्यात अंतर दोन बोटांचं. म्हणजे डावीकडचा तुकडा आता उजवीकडच्यापेक्षा दोन बोटं जास्त निघणार होता. कापून जोडल्यावर मागची चाकं तिरकी बसली असती आणि गाडी खेकड्यासारखी चालली असती. ते टाळायला पुन्हा ठिगळं, आणि परवानगीतल्या मापाचं मग काय? लोखंड एकदा कापलं की कापलं. ही गाडी माझी होण्याआधीच संपली असती.

मी पप्पांकडे बघितलं. एरवी मी त्यांच्या कानात सांगते आणि ते जगाला सांगतात. पण ते गाळ्याच्या दुसऱ्या टोकाला सगळ्यांना खोबरं वाटत होते. आणि मनात दुसरंही चालू होतं: मी चुकीचं पाहिलं असेल तर? इतकी माणसं, त्यांचा रोजचा धंदा, आणि डब्यावर बसलेली मी.

चाचा आले. भावानं पंच आणि हातोडा त्यांच्या हातात दिला. कटरची वायर बोर्डात गेली. चाचांनी चष्मा लावला आणि पप्पांना वाटलं आता सुरू. पण चाचा माझ्याकडे वळले.

“बोल बेटा. कापू?”

मी मान हलवली. होकाराची की नकाराची, मलाही सांगता आलं नसतं.

“मान न्हाय चालत,” चाचा म्हणाले. “मालकानं तोंडानं ‘कापा’ म्हटल्याबिगर मी ब्लेड लावत न्हाय. मागं एकानं अशीच मान हलवली. हौदा कापला, तर म्हणतोय, मी माशी उडवत हुतो.”

सगळे हसले. पेंटर जरा जास्तच.

“मी सांगतो की,” पप्पा म्हणाले. “कापा. ती लाजतीया.”

“गाडी कुणाच्या नावावर हाय?”

“तिच्याच.”

“मग तुम्ही खोबरं खावा, पावणं.”

पुन्हा हसू. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि तोंड उघडत नव्हतं. पण हात मोकळे होते. मी उठले, चाचांच्या भावाच्या खिशाला लटकवलेली टेप काढून घेतली आणि डाव्या चॅनलवर दोन रेघांमध्ये लावली. अंगठा ठेवला. मग तसाच अंगठा धरून पलीकडे गेले आणि टेप उजव्या चॅनलवर ठेवली. रेघ अंगठ्याच्या अलीकडेच राहिली. दोन बोटं अलीकडे.

चाचांनी चष्मा वर केला. खाली वाकले. टेप माझ्या हातातून न घेता, माझं मनगट धरून परत डावीकडे नेलं आणि पुन्हा बघितलं.

“ही रेघ कुणी मारली?”

“मी,” भाऊ म्हणाला. “पाण्यानं गेलती, म्हणून...” तो केबिनमागं गुडघ्यावर बसला, रिव्हेट बोटांनी चाचपले आणि त्यानं कपाळाला हात लावला. “आयला. आतला धरला.”

“चूक माझी हाय,” पप्पा म्हणाले. “मीच अख्खा नारळ ओतला.”

“एवढं पाणी तर लग्नात पण सोडत न्हाईत,” पेंटर म्हणाले. पण ते आता ग्लास खाली ठेवून जवळ आले होते आणि मला उभं राहायला त्यांनी जागा करून दिली.

चाचांनी चुकीची रेघ ओल्या फडक्यानं पुसली. टेपचं टोक त्यांनी माझ्याकडे दिलं. मी खाली वाकून ते बाहेरच्या रिव्हेटला लावलं आणि घट्ट धरून ठेवलं. त्यांनी खडू ओढला. मग दोन्ही बाजूंचे तुकडे मोजले, मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं माप, एकदा असं आणि एकदा तसं. दोन्ही जुळली. त्यांनी पंच ठेवला आणि हातोडा मारला. टण्ण. एकेका रेघेवर खुणा उमटत गेल्या. त्या आता कुठल्याच पाण्यानं जाणाऱ्या नव्हत्या.

कटर हातात घेऊन ते थांबले. कुणी हसलं नाही. पप्पांनी बोलायला तोंड उघडलं आणि स्वतःच मिटलं. मला वाटत होतं की आवाज फुटणार नाही. पण तो फुटला, आणि रस्त्यापलीकडच्या गाळ्यातला माणूससुद्धा वळून बघेल इतका मोठा निघाला.

“आता बरोबर आहे,” मी म्हणाले. “कापा, चाचा.”