दुसऱ्या भागात म्हातारीच न्हाई

हसायचं असंल तर आताच हसून घ्या, न्हाईतर चहा नाकात जाईल. एका पिक्चरपायी मी माझ्या मेहुणीचं ठरत आलेलं लग्न मोडायच्या काठावर नेऊन ठेवलं होतं. व्हय, मीच! दुसऱ्या कोणाचं नाव घ्यायची सोयच न्हाई.

मी डोंगरकड्यात टेलर. शर्टाचं माप म्हणाल तर अर्धा इंच इकडचं तिकडं होऊ देत न्हाई. पण गोष्ट सांगायला बसलो की कापड वाढतंच. सुनंदा, म्हणजे आमची मंडळी, म्हणते, "तुमी बाजारातून कोथिंबीर आणली तरी तिची कहाणी करता." आता कोथिंबिरीवाली खरंच भांडत होती, त्याला मी काय करू?

तर चार-पाच वर्षांमागं मी नांदेडला अस्तर आणायला गेलतो. लग्नसराईचे दिवस, सदरे शिवून शिवून पाठ मोडलेली. वरून ऊन असं की डांबर चपलीला चिकटून राहिलं होतं. समोर थेटर दिसलं. बाहेरच पाटी, आत एसी. पिक्चर कोणता ते मी नंतर पाहिलं.

निघाला इंग्रजी, पण बोलणं हिंदीत केलेलं. आणि पहिला अर्धा भाग एक नंबर! एक शास्त्रज्ञ घरातच यंत्रमानव बनवतो. त्याची लहानी पोरगी त्या यंत्राला बोलायला शिकवते. मंग मिलिट्री येते, शास्त्रज्ञाला धरून नेते आणि यंत्रमानव पोरीला खांद्यावर बसवून डोंगरात पळतो. इंटरवल! मी दोन समोसे खाल्ले. थंडगार हवा, मऊ खुर्ची. डोळा लागला.

जाग आली तवा झाडूवाली बाई म्हणत होती, "भाऊ, पाय वर घ्या."

आता मला सांगा, तिकीट काढून अर्धा पिक्चर झोपलो, हे कोणी सासुरवाडीत सांगतं का?

कारण त्याच संध्याकाळी मी औंढ्याला सासुरवाडीत मुक्कामी. माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणतो, रिटायर हेडमास्तर. विहारात काही वाद झाला तर लोक निवाड्याला त्यांच्याकडं येतात. त्यांचा एकच सवाल, "सोता पाहिलं का ऐकलं?" शेजारच्या म्हशीला पारडू झालं म्हणा, मामा इचारणार, "सोता पाहिलं का?"

"काय पाहिलं नांदेडला?" मामांनी इचारलं. मी सांगायला लागलो. इंटरवलपर्यंत खरं सांगितलं, लेकराची आण!

"मंग?" मामा म्हणले.

मामी, माहेरी आलेली सुनंदा, धाकटी मेहुणी प्रीती, सगळे पुढं सरकून बसलेले. तिथं थांबणं म्हणजे जेवणाऱ्याच्या पुढून ताट ओढणं. मी म्हणलो, "डोंगरापल्याड शास्त्रज्ञाची म्हातारी आई राहते. एकलीच."

म्हातारी कुठून आली, देवच जाणे. पण आली ती आली. यंत्रमानव तिच्या दारात जातो. ती आधी भेते, मंग त्याला कामाला लावते. तो पाणी शेंदतो, जळतण फोडतो. म्हातारी रोज त्याच्या नावानं एक भाकर जास्तीची थापते, तो खात न्हाई हे ठाऊक असून! शेवटी मिलिट्री येते. तो दारात आडवा उभा राहतो अन् म्हणतो, "मी येतो. पण म्हातारीचं जेवण होऊ द्या."

मामींनी पदर डोळ्याला लावला. मामा बराच वेळ चष्मा पुसत बसले. मंग म्हणले, "प्रकाशराव, सोता पाहिलं का?"

"ह्या डोळ्यांनी, मामा."

झालं! तिथंच बुडालो म्हणा.

तवापासून मामा ती गोष्ट गावभर सांगायचे. विहारात सांगितली, दवाखान्याच्या रांगेत सांगितली. शेवटी "आमच्या जावयानं सोता पाहिलं" असा शिक्का मारायचे. मला बरं वाटायचं, खोटं काहून बोलू?

आता ह्या साली प्रीतीचं स्थळ पाहायला लागले. प्रीती कळमनुरीला एका दवाखान्यात नर्स. पाच स्थळं तिनं नको म्हणली होती. सहावं आलं वारंगा फाट्याचं. राहुल नावाचा पोरगा, मोटारी भरायचं दुकान, म्हणजे शेतातल्या पंपाची जळालेली मोटार नवी तार भरून दुरुस्त करायची. आमच्यात स्थळ आलं की पहिलं घर बघायला थोरल्या जावयाला धाडतात. तो सांगंल त्यावर पुढचं पाऊल. म्हणजे मी सांगीन त्यावर!

मी गेलो, पाहिलं, आलो. दुकान चांगलं चालतं म्हणलं. घर नीटनेटकं म्हणलं. माणसं गरीब स्वभावाची म्हणलं. आणि जेवता जेवता म्हणलो, "आणि मामी, पोरगा रोज सकाळी आईला चहा करून देतो."

मामांनी इचारलं, "सोता पाहिलं का?"

"सोता."

प्रीती तोवर मोबाइलमध्ये होती. तिनं मान वर केली. "भेटायला हरकत न्हाई," म्हणली. सुनंदानं माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

मंग मामा आणि राहुलचे वडील पहिल्यांदा बोलायला बसले. मामांनी त्यांना काय सांगितलं असंल? म्हातारीची गोष्ट! त्या पाहुण्यांचेही डोळे भरले. "मास्तर, इंग्रज लोकांत पण आईची अशी किंमत हाय म्हणा," असं म्हणले. दोघांचं सूत जमलं ते माझ्या भाकरीवर.

आणि नेमका त्याच महिन्यात त्या पिक्चरचा दुसरा भाग आला. मामांनीच फोनवर पाहिलं. "आपण सगळे जाऊ," म्हणले. "दोन्ही घरं. पोरापोरीला बोलता येईल, पोह्याच्या ताटल्या घेऊन मिरवायची तकलीफ न्हाई. आणि म्हातारीचं पुढं काय झालं ते पण कळंल."

मी म्हणलो, "मामा, दुसरा भाग बेकार असतो बरं का. कशाचाही."

"सोता पाहिला का?"

न्हाई ना पाहिला!

क्रूझर गाडी ठरली, नांदेडच्या त्याच थेटरला जायचं. आमी पाच, ते तिघं. वाटेत राहुलच्या आईनं गोष्ट ऐकलेली नव्हती म्हणून मामांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितली. मी मागच्या सीटवर हळदीची शेतं बघत बसलो. मनाला समजावत होतो, दुसरा भाग पुढंच जाईल ना, मागचं कोण कशाला उकरतं?

तुमाला ठाऊक असंल, मला न्हवतं. हे लोक पिक्चर सुरू व्हायच्या आधी मागच्या भागात काय झालं ते दाखवतात! दोन मिनिटं. निवडून निवडून!

शास्त्रज्ञ दिसला, पोरगी दिसली, मिलिट्री दिसली. तोवर मामा बाजूच्यांना सांगत होते, "बघा, बराबर सांगितलं होतं का न्हाई?" पुढं यंत्रमानव डोंगरात पोरीला टाकून पळाला, शत्रूला जाऊन मिळाला, अर्धं शहर पाडलं, आणि शेवटी त्याच पोरीनं एक बटण दाबून त्याचा भुगा केला. भाकर न्हाई, जळतण न्हाई, म्हातारीचा तर पदरही न्हाई. माझी सगळी शिवण टराटरा उसवली.

अंधारात मामांचा आवाज आला. "प्रकाशराव, म्हातारी कुठाय?"

"येईल मामा. पुढं येईल."

काहून म्हणलो मी असं? तिथंच पाय धरले असते तर निभावलं असतं!

दहा मिनिटांनी पलीकडून पाहुण्यांचा आवाज. "भाऊ, म्हातारी आली का?" पडद्यावर एक पांढऱ्या केसांची बाई रस्ता ओलांडताना दिसली. सगळी रांग सावरून बसली. "ही का?" मामींनी इचारलं. तेवढ्यात तिच्या बाजूला एक गाडी येऊन आदळली. मी म्हणलो, "न्हाई न्हाई, ही वेगळी."

आणि पिक्चर तरी कसा! पूल पडला. गाड्या उडाल्या. पन्नास यंत्रमानव आले, एकमेकांत भिडले, दुसरा पूल पडला. पोरगी मोठी झालेली, पण तिला बोलायला सवड न्हाई, नुसती पळून राहिली. मला सोताला वाईट वाटलं, देवाशप्पथ. मामा हळूच म्हणले, "ह्यात कोणी कोणाला जेवला का म्हणून इचारत न्हाई." पहिला भाग किती चांगला होता, म्हणून पाहुण्यांनी उसासा टाकला.

इंटरवलला मामा तडक मॅनेजरच्या खोलीपाशी. आमी सगळे मागं.

"तुमी पिक्चरला कात्री लावली," मामा म्हणले.

"नहीं सरजी, पूरा है."

"मागच्या भागातली म्हातारी गाळली. माझ्या जावयानं सोता पाहिली होती."

"कौनसी बुढिया, सरजी?"

मशीनवाल्या ऑपरेटरला बोलावलं. तो म्हणला, दोन्ही भाग मीच चालवले, म्हातारी मला तरी भेटली न्हाई. मामा त्याला म्हणले, "तू नोकर माणूस, तू तसंच सांगशील." इतका त्यांचा माझ्यावर भरवसा! त्यांनी खिशातला पेन काढला, तक्रारीची वही मागितली आणि उभ्या उभ्या झकास अक्षरात चार ओळी लिहिल्या. मंग पेन माझ्या हातात दिला.

"साक्षीदार म्हणून सही करा, प्रकाशराव."

मी वही पाहिली. मामांकडं पाहिलं. तोंडानं कितीही सोडली असंल, पण त्या माणसाच्या अक्षराखाली खोटी सही? हात उठंना हो.

"मामा, मी झोपलतो."

"कवा?"

"पहिल्या भागाला. समोसे खाल्ल्यावर."

मामांनी माझ्या हातातून पेन घेतला, टोपण लावलं, खिशात ठेवला. वर्गात पोराला उभं करावं तसं मला उभं केलं.

"वारंग्याला गेलते तवा?"

"जागा होतो मामा! पूर्ण जागा!"

"दुकान पाहिलं?"

"पाहिलं."

"घर?"

"पाहिलं."

"चहा?"

मामींनी राहुलच्या आईकडं वळून इचारलं, "तुमचा राहुल रोज सकाळी तुमाला चहा करून देतो ना?"

ती माउली भाबडी. "राहुल? आवं, त्याला साखरेचा डबा कोणता ते ठाऊक न्हाई!"

खरं एवढंच होतं, की मी गेलो तवा राहुलनं आतून चहाचा ट्रे आणून माझ्यापुढं ठेवलता. रोज, सकाळी, आईला, हे सगळं मी वरून शिवलेलं.

मामा म्हणले, "सुनंदा, गाडीवाल्याला फोन लाव."

राहुलच्या वडिलांचं तोंड उतरलं. "मास्तर, आमी तर असं काही म्हणलंच न्हवतं हो."

खरंच होतं त्यांचं. त्या भल्या माणसांनी एक शब्द वाढवून सांगितला न्हवता. त्यांच्या वाटणीचं खोटं मी बोललो होतो आणि मान खाली त्यांची झाली होती. मला इतकी लाज वाटली की राहुलकडं पाहवंना. सुनंदा माझ्याकडं पाहतच न्हवती.

तेवढ्यात प्रीती सरळ राहुलपुढं जाऊन उभी राहिली. "तुमाला चहा येतच न्हाई का?"

"न्हाई येत," राहुल म्हणला. "मोटार भरता येते."

"शिकाल का?"

"शिकीन. पण पहिले आठ दिवस तुमालाच प्यावा लागंल."

ती हसली. मंग मामांकडं वळली. "बाबा, पहिला भाग दाजींनी सांगितलेला होता. लई ग्वाड होता, पण तो न्हवताच. हा दुसरा भाग मी सोता पाहून राहिले. मला पसंत हाय."

हेडमास्तरांना त्यांचाच सवाल उत्तर म्हणून आला. त्यांनी तक्रारीचं पान फाडून घडी करून खिशात टाकलं आणि पाहुण्यांना म्हणले, "चला, खाली चहा घेऊ. आत जाऊन काय करायचं, अजून दोन पूल पडतील." सगळे हसले. मी पण हसलो, तर सुनंदानं असं पाहिलं की लगेच तोंड मिटलं.

उन्हाळ्यात लग्न झालं. झोकात झालं. आमच्यात आलेल्या पाहुण्यांना सामोरं जायचं, दोन्ही घरच्या माणसांची एकमेकांना ओळख करून द्यायची, हा मान थोरल्या जावयाचा. मामांनी तो सुनंदाच्या चुलतभावाला दिला. मला मांडवाच्या कडंला, उन्हात लावलेल्या पाण्याच्या टँकरपाशी उभं केलं. "इथं काही सांगायचं न्हाई," मामा म्हणले. "नुस्ता ग्लास भरायचा आणि द्यायचा."

मी तसंच केलं. दोन तास तोंडातून शब्द काढला न्हाई. मंग लांबच्या गावचे एक काका उन्हातून आले, घामाघूम. ग्लास हातात घेऊन म्हणले, "जावई, पाणी थंड हाय का?"

साधा सवाल. व्हय म्हणायचं न्हाईतर न्हाई. मी म्हणलो, "काका, रात्रीच माठात भरून ठेवलंतं, वाळा टाकून. प्या, पोटापर्यंत गार वाटंल."

काकांनी एक घोट घेतला, टँकरच्या नळीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि उरलेल्या पाण्यानं पाय धुतले.