मागाचा खड्डा आणि माझा दमा

बारावीच्या वर्षी दम्यानं मला पार जेरीस आणलं होतं. तोंडात औषध ओढायचा पंप सतत जवळ लागायचा. आमचं घर कारध्याला. एका भिंतीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे काका. आजोबांनंतर हातमाग काकांनीच चालू ठेवला होता. विणताना पाय सोडून बसायचा मागाचा खड्डा भिंतीला लागून होता आणि अलीकडे माझी खाट.

दम्यावर उपाय सांगायला बाबांनी साकोलीहून एक माणूस आणला. तांब्याच्या दोन काड्या हातात धरून तो घरभर फिरला. माझ्या खाटेजवळ काड्या एकमेकींवर आल्या.

"जमिनीची नस इथून जाते," तो म्हणाला. "पलीकडच्या खड्ड्यानं ती तुटली. पोरीचा श्वास तिथंच अडकून राहिला. खड्डा बुजवा, मग पंपाची गरज नाही."

त्याच दिवशी बाबांनी माझा पंप कपाटात ठेवून कुलूप लावलं.

काकांनी खड्डा बुजवायला नकार दिला. "भाऊ, माग मोडला तं मी करू काय?" एवढंच ते म्हणत राहिले.

चौथ्या दिवशी सकाळी बाबा कुदळ घेऊन पलीकडे गेले. मी मागून धावले. पहिला घाव मागाच्या लाकडी चौकटीवर बसला. अर्धं विणलेलं लुगडं टरकन फाटलं. मग ते भिंतीची माती खड्ड्यात पाडू लागले.

काका आंघोळ टाकून ओल्या अंगानंच आले. कुदळ हिसकायला गेले, तर तिचा दांडा त्यांच्या कानावर बसला. त्यांनी मोडलेल्या चौकटीचं लाकूड उचलून बाबांच्या हातावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. बाबा पडले, तरी काका त्यांच्या पोटात लाथा घालतच होते.

मला ओरडता येईना. धुळीनं छाती बंद झाली होती. मी भिंतीला धरून खाली बसले, आणि ते बाबांना दिसलं.

"किल्ली," ते म्हणाले. "माझ्या खिशात हाये. तिले पंप दे."

काका थांबले. ज्याला मारत होते त्याच माणसाच्या खिशात हात घालून त्यांनी किल्ली काढली आणि कपाटातला पंप आणून दिला. पंपानं थोडंच भागलं. मग आईला मागे बसवून त्यांनी मला गाडीवरून पूल ओलांडून भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. त्यांच्या कानातलं रक्त माझ्या ओढणीला लागत होतं.

"पंप बंद कोणी केला?" डॉक्टरांनी विचारलं. आईनं मान खाली घातली.

बाबांचा हात वाकडाच जुळला. काकांनी माग पुन्हा उभा केला नाही, खड्डा मातीनं भरलेलाच राहिला. ते भंडाऱ्याला एका दुकानात कामाला लागले. दोघं आजही बोलत नाहीत. मी रोज दोन वेळा पंपानं औषध ओढते आणि बरी आहे.

गेल्या वर्षी माहेरी जेवताना बाबा म्हणाले, "खड्डा बुजला म्हणूनच तू सुधरली."

हातातला स्टीलचा ग्लास मी त्यांच्या दिशेनं भिरकावला. तो कपाळाला लागला. बाबांनी वाकड्या हातानं रक्त पुसलं. माझा हात तसाच वर होता. दुसरं काही फेकायला मिळतं का, ते मी ताटाजवळ शोधत होते.